चैत्राचे फूल, भाद्रपदाची भाजी

होळीची राख निवते न निवते तोच मावळच्या डोंगरांना वसंताची चाहूल लागते. पानगळ झालेल्या पळसावर केशरी फुलांचे घोस दिसू लागतात, काटेसावर आणि पांगारा लाल होऊन उभे राहतात, करवंदीच्या जाळ्यांतून पांढऱ्या फुलांचा मंद सुवास येतो आणि खडकाळ उतारावर धायटी तांबडी होते. रानातला हा उत्सव कोणी सांगून होत नाही. माणसाच्या घरची पूजा मात्र तिथी पाहून, आखून करावी लागते. तिला लागणारे फूल आणि नैवेद्याला लागणारी भाजी कोठून आणावयाची, हा प्रश्न प्रत्येक सणाच्या आदल्या दिवशी गृहिणीपुढे उभा राहतो. पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या या मंगल दिवसांत त्या प्रश्नाचे जुने उत्तर आठवणे उचित ठरेल. ते उत्तर म्हणजे घरामागची परसबाग.

पुण्याच्या नैर्ऋत्येस, नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मार्गासनीच्या पुढे विंझर हे गाव लागते. एका अंगाला राजगड, दुसरीकडे सुमारे १,४०० मीटर उंचीचा तोरणा, आणि खाली गुंजवणी व कानंदी या नद्यांची खोरी, असा हा मुलूख. ज्या तालुक्यात हे गाव येते त्याला आता राजगडाचेच नाव मिळाले आहे. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र तो अजून वेल्हे तालुकाच आहे. तोरण्यावर मेंगाई आणि राजगडावर पद्मावती अशा दोन देवींची कृपादृष्टी या खोऱ्यांवर आहे, अशी येथील भाविकांची श्रद्धा आहे.

पावसाळ्यात येथे आकाश फाटल्यासारखा पाऊस पडतो आणि भातखाचरे तुडुंब भरतात. पण उतारावरचे पाणी थांबत नाही. फाल्गुन सरता सरता ओढे आटतात आणि विहिरींचे तळ दिसू लागतात. ज्या पानशेत धरणाचे पाणी पुणे शहराच्या नळांना मिळते, ते धरण याच तालुक्यात आहे. तरीही डोंगरकुशीतील घराला चैत्रात हंडा-घागर जपूनच वापरावी लागते. म्हणून या भागातील वसंतातली परसबाग ही निव्वळ हौस राहत नाही. मोगऱ्याच्या प्रत्येक झाडामागे आणि काकडीच्या प्रत्येक वेलामागे कोणीतरी वाहून आणलेली एक घागर असते. ती घागर वाहण्यात काय साधते, हेच आज पाहावयाचे आहे.

देवाचे फूल

पूजेच्या फुलाविषयी आपल्या परंपरेत पुष्कळ बारकाईने विचार केलेला आहे. स्वतःच्या बागेत, स्वतः पाणी घालून वाढविलेले फूल सर्वांत श्रेष्ठ. रानातून आणलेले त्याखालोखाल. आणि दुसऱ्याच्या कुंपणातून न विचारता तोडलेले फूल वाहूच नये, असे वडीलधारी माणसे सांगत आली. फूल सूर्यास्तानंतर तोडू नये, कळ्या खुडू नयेत, जमिनीवर पडलेले फूल देवाला वाहू नये, त्याला अपवाद पारिजातकाचा. द्वादशीला तुळस तोडू नये, हे नियमही घरोघरी पाळले जातात. यांतील धर्मभाव तर आहेच, पण बागेच्या दृष्टीनेही त्यांत मोठे शहाणपण आहे. कळ्या राखल्या म्हणजे उद्याचे फूल राहते, आणि तुळशीला ठरावीक दिवशी विसावा मिळाला म्हणजे ती उघडी पडत नाही.

चैत्रातील अंगणाची राणी मोगरा. तो आपोआप फुलतो असे वाटते, पण त्याची तयारी थंडीतच करावी लागते. मार्गशीर्ष-पौषात त्याचे पाणी कमी करून झाडाला ताण द्यावा, जुन्या व वाळक्या फांद्या छाटाव्यात, बुंध्याभोवतीची माती खुरप्याने हलकी करून शेणखत घालावे आणि मग पाणी सुरू करावे. नव्या फुटीलाच मोगऱ्याच्या कळ्या येतात. ही छाटणी राहिली, तर झाड पानांनी गच्च भरते आणि फुले मात्र तुरळक मिळतात. पौषात कात्री हाती घेणाऱ्या घरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ओंजळभर मोगरा निघतो.

दवण्याचेही तसेच आहे. चैत्रात देवाला दवणा वाहण्याची प्रथा फार जुनी. कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला जी यात्रा भरते, तीत गुलालाबरोबर दवण्याचा सुवास दरवळत असतो. हा दवणा एका हंगामाचे रोप आहे. कार्तिकाच्या सुमारास त्याचे बारीक बी भुसभुशीत मातीत पेरावे, निचरा चांगला ठेवावा. फाल्गुन-चैत्रात तो काढणीला येतो. एका पसरट कुंडीत चार रोपे लावली, तरी घरच्या देवापुरता दवणा सहज मिळतो.

देवचाफा, तगर, कण्हेर आणि जास्वंद ही मंडळी कमी पाण्यावर निभावणारी. जास्वंद गणपतीची, तगर शंकराची. कण्हेर दिसावयास सोज्वळ असली, तरी तिचे सारे अंग विषारी आहे. म्हणून ती कुंपणालगत लावावी, आणि लेकरे व गुरे यांपासून दूर राखावी. अनंताचे झाड जागा व पाणी थोडे अधिक मागते, पण उन्हाळा उतरणीला लागताना त्याचे एक फूल देवघर सुगंधाने भरून टाकते.

परसातले पंचांग

आपल्या सणांची यादी एकदा नीट न्याहाळली, तर तिच्यात एक भाजीचा मळा दडलेला आढळेल. पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने व फुले गूळ, ओवा, हिंग, हरभऱ्याची डाळ यांसह वाटून खावयाची. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत माहेरी राहते. त्या काळात कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, काकडी आणि कलिंगड. आषाढात कांदेनवमीला कांदा-वांगी पोटभर खाऊन चातुर्मासात ती वर्ज्य करावयाची, आणि मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगे पुन्हा पानात घ्यावयाचे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला हरभरा, वाटाणा, गाजर, वांगी, घेवडा यांची तीळ घालून केलेली मिसळीची भाजी. ज्या ऋतूत जे पिकते ते आधी देवापुढे ठेवावे आणि मग आपण खावे, अशी ही व्यवस्था आहे.

या सर्वांत परसबागेचे खास व्रत म्हणजे भाद्रपदातील ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य. नांगराविना, माणसाने केवळ आपल्या हातांनी पिकविलेले तेवढेच चालते. म्हणून अळू, माठ, लाल भोपळा, दोडका, पडवळ, भेंडी, सुरण, मक्याचे कणीस अशा परसातल्या जिनसांची एकत्र भाजी होते; तिलाच आपण ‘ऋषीची भाजी’ म्हणतो. वर्षभर राबणाऱ्या बैलाला एक दिवस मनोमन मोकळे करावे, आणि आपल्या दोन हातांनी किती पिकते याची प्रचीती घ्यावी, असा या व्रतातील भाव दिसतो.

आज शहरात ही भाजी चिरलेली, पाकिटात बांधलेली मिळते. खेड्यातही ट्रॅक्टर आला. तेव्हा ट्रॅक्टरने नांगरलेल्या शेतातील भाजीत बैलाचे श्रम नाहीत, मग ती ऋषिपंचमीला का चालू नये, असा प्रश्न घरातील तरुण मुले विचारतात, आणि तो रास्तच आहे. नियमाच्या शब्दांपुरते पाहिले, तर ती भाजी चालेल. पण व्रताचा गाभा बैल वगळण्यापुरता नसून, स्वतःच्या हातांनी काही पिकविण्यात आहे, असे मानले, तर पाकिटातल्या भाजीने तो गाभा हाती लागत नाही. व्रत करणाऱ्या स्त्रीने निदान अळूचे एक पान, माठाची एक जुडी आपल्या परसातून आणावी, एवढा आग्रह धरणे अवघड नाही.

आणि त्या भाद्रपदातील भाजीचा आरंभ होतो तो वसंतातच. अक्षय्य तृतीयेला परसात आळी घालून वेलांचे बी टोचावे, अशी महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी रीत आहे. त्या दिवशी केलेले क्षय पावत नाही, ही त्यामागची श्रद्धा. आळ्यांत शेणखत मिसळून माती तयार करावी. भोपळा, दोडका, पडवळ, कारले यांच्या बिया टोचाव्यात. हळद-आल्याचे कंद आणि सुरणाचे गड्डे लावावेत. मृगाचा पाऊस येईतो रोपे मूळ धरतात, श्रावणात मांडव भरतो आणि गौरी-गणपतीच्या सुमारास फळे हाती येतात. ज्या घरी अक्षय्य तृतीयेला आळे घातले जात नाही, त्या घरी ऋषिपंचमीला पिशवी घेऊन बाजार गाठावा लागतो.

फुलांशेजारी भाजी

फुलझाडे पुढच्या अंगणात आणि भाजी मागच्या परसात, अशी वाटणी पुष्कळ घरी असते. थोडीशी सरमिसळ केली, तर दोहोंचा लाभ होतो. भोपळा, काकडी, दोडका, कारले यांच्या एकाच वेलावर नर-फुले व मादी-फुले वेगवेगळी येतात. मधमाशीने एकीकडचा पराग दुसरीकडे नेला तरच फळ धरते. नाहीतर लहानशी काकडी पिवळी पडून गळून जाते, आणि आपण खताला दोष देत बसतो. वेलाजवळ तुळस, झेंडू, अबोली असली, की माश्यांचा राबता राहतो. सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत राहणारी सातेरी मधमाशी ही या कामातली मोठी सेवेकरी. तिच्यासारख्या मधमाश्यांच्या अभ्यासासाठी व पालनासाठी १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. ज्या अंगणात मधमाशी येते, तेथे विषारी औषधाची फवारणी करणे म्हणजे आपल्याच सेवेकऱ्यावर हात उगारणे होय. किडीवर निंबोळीचा अर्क फवारावयाचा झाला, तरी तो सायंकाळी, माश्या परतल्यावर फवारावा.

झेंडूचा आणखी एक उपकार असा, की त्याच्या मुळांतील द्रव्यांमुळे जमिनीतील सूत्रकृमींना आळा बसतो. हे सूत्रकृमी वांगी, टोमॅटो, भेंडी यांच्या मुळांवर गाठी आणून झाड खंगवितात. म्हणून भाजीच्या वाफ्याच्या कडेने झेंडूची एक ओळ असावी. ती तोरणालाही उपयोगी पडते.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. ज्या झेंडूवाचून आपला दसरा होत नाही तो झेंडू, ज्या देवचाफ्याची फुले आपण शंकराला वाहतो तो चाफा, नैवेद्याच्या पानातला लाल भोपळा, आणि फोडणीतील मिरची ही सारी मूळची अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज आदी दर्यावर्दी लोकांच्या गलबतांतून असे कितीतरी पाहुणे भारतात आले. आपल्या आजी-पणजींनी त्यांची जात न विचारता त्यांना आळ्यात जागा दिली, पाणी घातले, आणि एक दिवस देवापुढेही ठेवले. परसबागेचे मन असे मोठे असते.

एक घागर, दोन कामे

पाण्याचा प्रश्न मात्र श्रद्धेने सुटत नाही. त्याला युक्ती लागते. मावळातील जुन्या घरांत मोरीचे पाणी जेथून बाहेर पडे, तेथेच अळू आणि केळ लावलेली असे. भांडी राखेने घासली जात, तांदूळ-डाळी धुतलेले पाणी त्यातच मिसळे, आणि त्या वाया जाणाऱ्या पाण्यावर बारमाही हिरवळ राही. आता राखेची जागा साबणाने घेतली आहे. साबणाचे पाणी थेट पालेभाजीला घालू नये. ते आधी खडी-वाळू भरलेल्या व कर्दळ लावलेल्या लहानशा चरातून जाऊ द्यावे, आणि मग केळी व फुलझाडे यांकडे वळवावे. तांदूळ, डाळ, भाजी धुतल्याचे पाणी वेगळ्या बादलीत धरून तेच भाजीच्या वाफ्याला द्यावे. पूजेत देवाला घातलेल्या स्नानाचे पाणी तुळशीला घालण्याची रीत तर घरोघरी आहेच. पाणी दोनदा वापरण्याचा हा धडा आपण देवघरातूनच शिकलो आहोत.

वेलाच्या आळ्यात कच्च्या भाजणीचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे आणि ते पाण्याने भरून वर झाकणी ठेवावी. मडके पाझरते, ओल थेट मुळांशी जाते, आणि उन्हाने पाणी उडून जात नाही. वाफ्यावर वाळका पाला किंवा भाताचे तूस अंथरले, की मातीतली ओल अधिक काळ टिकते. भातपट्ट्यात तुसाला तोटा नाही. पाणी द्यावयाचे ते पहाटे किंवा दिवस कलल्यावर. भेंडी, गवार, काकडी माघात लावलेली असली, तर अशा थोड्या पाण्यावर चैत्रात हाती येते. माठ आणि राजगिरा तीन-चार आठवड्यांत खुडता येतो. कोथिंबिरीला मात्र चैत्राचे ऊन सोसत नाही. तिला शेवग्याच्या विरळ सावलीत जागा द्यावी. शेवग्याला स्वतःला पाणी फारसे लागत नाही, आणि नेमक्या याच दिवसांत तो शेंगांनी लगडतो.

बियाणे हीही एक ठेव

परसबागेतील सर्वांत मोठी संपत्ती डोळ्यांना दिसत नाही. ती असते शिंक्यावरच्या मडक्यात, राखेत घोळून ठेवलेल्या बियांत. पहिले निरोगी, ठसठशीत फळ खुडावयाचे नाही. ते वेलावरच पिकू द्यावयाचे आणि त्याचे बी पुढच्या वर्षासाठी राखावयाचे, हा घरोघरचा दंडक होता. सासूकडून सुनेकडे आणि आईकडून सासरी जाणाऱ्या लेकीकडे हे बी जाई. बाजारातील संकरित बियाणे आले, पीक भरघोस दिसू लागले आणि मडकी रिकामी झाली. संकरित वाणाचे बी राखून पेरले, तर पुढच्या पिढीत ते मूळ गुण एकसारखे टिकवीत नाही. त्यामुळे दर वर्षी पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागते.

हा ओघ उलटा फिरविता येतो, हे एका मराठी शेतकरी स्त्रीने दाखवून दिले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे हे डोंगराळ गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता, वालासारख्या वेलभाज्यांचे आणि भाताचे गावठी वाण गोळा करून जपले, आपल्या परसात वाढविले आणि इतर बायकांना वाटले. बाएफ या संस्थेचे त्यांना साहाय्य लाभले. लोक त्यांना ‘बीजमाता’ म्हणू लागले, २०१८ साली बीबीसीने जगातील शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घेतले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे कोंभाळणे आणि आपले विंझर ही दोन्ही सह्याद्रीचीच लेकरे. पाऊस, उतार, भातखाचरे आणि चैत्रातील पाण्याची ओढ दोहोंकडे सारखीच ओळखीची. कोंभाळण्याला जे साधले ते तोरण्याच्या पायथ्याशी का साधू नये?

अडचण निराळीच आहे. या खोऱ्यांतील तरुण मंडळी नोकरी-शिक्षणासाठी पुण्याकडे जातात. परसाचा भार घरी राहिलेल्या सासू-आजीवर पडतो. तिच्या गुडघ्यांनी घागर उचलणे सोडले, की मोगरा वाळतो, आणि पाठोपाठ मडक्यातले बीही संपते. पाडव्याला गावी येणाऱ्या लेकी-सुनांनी येताना शहरातून हार आणण्याऐवजी, जाताना आजीकडून दोन चिमटी बी मागून न्यावे. ते खिडकीतल्या कुंडीत रुजवावे, आणि पुढच्या पाडव्याला त्याचे वाढलेले बी परत आणून द्यावे. बियाणे दोन ठिकाणी असले, म्हणजे एका उन्हाळ्याने ते नष्ट होत नाही. आजीलाही, आपण जपलेल्या ठेवीला वारस आहे, याचे समाधान मिळते.

सावतोबांचा मळा

परसबाग आणि भक्ती यांचे नाते समजून घ्यावयाचे, तर सोलापूर जिल्ह्यातील अरण या गावाचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. संत सावता माळी यांचा जन्म शके ११७२ मधील, म्हणजे इसवी सन १२५० चा. शके १२१७, म्हणजे १२९५ साली, आषाढ वद्य चतुर्दशीस त्यांनी समाधी घेतली. पंढरपूर तेथून फार दूर नाही. तरीही सावतोबांनी मळा सोडून वारीची वाट धरली नाही, असे परंपरा सांगते. रोपांना पाणी पाजणे, तण काढणे, भाजी जोपासणे हीच त्यांची पूजा होती, आणि आपल्या मळ्यातील भाजीपाल्यातच त्यांना विठाईचे दर्शन घडले. पुढे देवच भक्ताला भेटावयास मळ्यात आला, अशी कथा आहे. आजही आषाढात पांडुरंगाची पालखी अरणला जाते. ज्याने पंढरीची वाट धरली नाही त्याच्या दारी पंढरीचा राणा जातो.

सावतोबांचे हे उदाहरण घरी राबणाऱ्या प्रत्येक गृहिणीला मोठा दिलासा देणारे आहे. तीर्थयात्रा घडली नाही, मोठी पूजा बांधता आली नाही, तरी पहाटे उठून तुळशीला पाणी घालणारी, मोगऱ्याचे आळे खुरपणारी आणि काकडीच्या वेलाला मांडवाचा आधार देणारी स्त्री देवाच्या सेवेतच उभी आहे.

यंदाच्या पाडव्याला गुढी उभारून, निंबाचा प्रसाद घेऊन झाला, की क्षणभर परसात जावे. जागा अर्धा गुंठा असो की खिडकीतली दोन कुंड्यांची असो, तिच्यातील एक आळे देवाच्या नावाने मोकळे करावे. अक्षय्य तृतीयेला त्यात भोपळ्याचे किंवा दोडक्याचे घरचे बी टोचावे आणि शेजारी झेंडूचे रोप लावावे. भाद्रपदात त्या वेलाचे पहिले फळ ऋषिपंचमीच्या भाजीत पडेल, झेंडू दसऱ्याच्या तोरणात जाईल, आणि एक फळ बियाण्यासाठी वेलावरच राहील. ते मात्र कोणालाही तोडू देऊ नये.